भूकंपलेखक : हलत्या भूमीचा साक्षीदार

दिनांक २२ मे १९९७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी जबलपूर नगरी व तिच्या आसमंतातील खेडी एकाएकी हादरली. घरे कोसळली, सुमारे चाळीस माणसे प्राणास मुकली आणि असंख्य कुटुंबे उघड्यावर आली. या भूकंपाच्या स्थानापासून रायपूर सरळ रेषेत सुमारे २६० किलोमीटर, तर बिलासपूर सुमारे २४० किलोमीटर अंतरावर आहे. हा सारा प्रदेश त्या काळी मध्यप्रदेशात मोडत असे. छत्तीसगड राज्य पुढे २००० साली अस्तित्वात आले. त्या रात्री बिलासपूरच्या भूकंपवेधशाळेत कोणी माणूस जागा होता की नव्हता, याला फारसे महत्त्व नाही. तेथील यंत्र जागे होते. हादऱ्याची पहिली लहर बिलासपूरच्या भूमीखालून गेली त्या क्षणापासून भूमी पूर्णपणे शांत होईपर्यंतचा सर्व वृत्तान्त त्याने लिहून ठेवला.

भूकंप अनुभवलेल्या माणसांना विचारले, तर कोणी म्हणेल की हादरा पाच मिनिटे चालला होता, कोणी म्हणेल की दोन क्षणांत सारे आटोपले. भीतीमुळे काळाचे भान सुटते आणि दिशेचेही. शिवाय पायांखालची भूमी किती सरली हे सांगण्यासाठी मनुष्याने कोठेतरी स्थिर उभे राहावयास हवे. परंतु भूकंपाच्या वेळी स्थिर अशी जागाच उरत नाही. घर, झाड, डोंगर, घड्याळ, निरीक्षक आणि निरीक्षणाचे यंत्र ही सर्व एकदमच हलू लागतात. मग हलणाऱ्या भूमीवर बसूनच तिची हालचाल मोजावयाची कशी? भूकंपविज्ञानातील पहिली आणि मूलभूत अडचण ती हीच.

जडत्वाचा आधार

या अडचणीवरील उपाय प्रत्येकाच्या नित्य अनुभवातील आहे. थांब्यावर उभी असलेली एसटीची गाडी अकस्मात सुटली की आत उभा असलेला प्रवासी मागे कलतो. वास्तविक त्याला मागे कोणी ढकललेले नसते. पायांखालची गाडी पुढे गेलेली असते आणि त्याचे शरीर आपल्या मूळ ठिकाणीच राहू पाहत असते. पदार्थाच्या या स्वभावास जडत्व असे नाव आहे. एखादे वजनदार गोळे भूमीशी घट्ट न बांधता दोरीने टांगून ठेवले, तर भूमी झटकन हलली तरी ते गोळे क्षणभर आपल्या जागीच राहते. त्याला एक लेखणी जोडली आणि भूमीला पक्क्या केलेल्या चौकटीवर कागद ठेवला, तर कागद हलेल, लेखणी स्थिर राहील आणि कागदावर भूमीच्या हालचालीची रेघ उमटेल. भूकंपलेखकाचे सारे तत्त्व एवढ्यात सामावले आहे.

भूकंपाची वर्दी देणारे उपकरण प्राचीन चीनमध्येही होते. इ. स. १३२ साली चँग हंग या विद्वानाने एक मोठे पात्र तयार केले होते. त्याच्या सभोवार आठ दिशांना आठ नागसदृश मुखे असून प्रत्येक मुखात एक गोळी होती व खाली एकेक बेडूक आ वासून बसविलेला होता. हादरा बसताच एका मुखातील गोळी बेडकाच्या तोंडात पडे. हे उपकरण भूकंप झाला एवढे सांगे. परंतु तो किती वेळ चालला, भूमी किती हलली आणि कोणत्या क्रमाने हलली, हे त्यास सांगता येत नसे. वर्दी देणे वेगळे आणि वृत्तान्त लिहिणे वेगळे. वृत्तान्त लिहिणारी यंत्रे जन्मास आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८८० साली योकोहामा येथे झालेल्या भूकंपानंतर जपानमध्ये अध्यापन करणारे जॉन मिल्न, जेम्स यूइंग आणि टॉमस ग्रे यांनी या कामी मोठा पुढाकार घेतला.

लंबक लांब हवा, पण किती?

टांगलेले गोळे भूमीबरोबर ओढले जाऊ नये, यासाठी एक अट पाळावी लागते. लंबकाला एक झोका पुरा करण्यास जो वेळ लागतो त्यास आवर्तकाल म्हणतात. भूमीचे कंप या आवर्तकालाहून जलद असले, तरच गोळे स्थिर राहते. कंप संथ असतील, तर गोळे भूमीच्या मागोमाग निमूटपणे चालू लागते आणि कागदावर काहीच उमटत नाही. दूरच्या भूकंपाच्या लहरी संथ असतात. त्यांतील काहींना एक आंदोलन पुरे करण्यास वीस सेकंद लागतात. वीस सेकंदांचा आवर्तकाल असलेला साधा लंबक करावयाचा झाल्यास त्याची दोरी सुमारे १०० मीटर लांब हवी. कुतुबमिनारही त्यास पुरणार नाही.

येथे शास्त्रज्ञांच्या साहाय्यास आले ते अंगणाचे फाटक. फाटकाच्या बिजागऱ्या अगदी ओळंब्यात असतील, तर ते जेथे सोडावे तेथेच राहते. परंतु खांब किंचित कलता असेल, तर फाटक हळूहळू झुलत एका ठरावीक जागी येऊन थांबते. कल जितका थोडा, तितके हे झुलणे संथ. या युक्तीने हातभर लांबीच्या आडव्या दांड्यापासून शंभर मीटरच्या लंबकाचे काम करून घेता येते. यास आडवा लंबक म्हणतात.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. एकदा धक्का बसलेला लंबक आपणहून झुलत राहतो. भूमी शांत झाली तरी लेखणी नाचतच राहते आणि कागदावर भूमीचे वर्तन न उमटता लंबकाचेच उमटते. घंटेचा नाद ऐकून तिला टोला किती वेळा पडला हे ओळखावे, तसा हा प्रकार होय. मिल्न यांच्या प्रसिद्ध यंत्रात हा दोष होता. पुढे जर्मनीतील एमिल वीखर्ट यांनी हवेच्या रोधाचा उपयोग करून लंबकाचे हे निरर्थक झुलणे आवरले. या क्रियेस अवमंदन म्हणतात. लेखणीच्या टोकाचे कागदाशी होणारे घर्षण जाणवू नये म्हणून वीखर्ट यांना सुमारे एक हजार किलोग्रॅम वजनाचा लंबक वापरावा लागला. रशियातील बोरिस गालित्सिन यांनी १९०६ च्या सुमारास निराळाच मार्ग काढला. त्यांनी लंबकास तारेचे वेटोळे जोडून ते चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवले. भूमी हलली की वेटोळ्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होई, आणि तो प्रवाह दुसऱ्या खोलीतील सूक्ष्म विद्युत्मापकाचा आरसा फिरवी. आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका छायाचित्रणाच्या कागदावर रेघ काढी. प्रकाशाला ना वजन, ना घर्षण. त्यामुळे लेखणीचा अडथळा कायमचा संपला.

भूमी केवळ एकाच दिशेने हलत नाही. यास्तव वेधशाळेत तीन यंत्रे एकत्र ठेवतात : एक उत्तर-दक्षिण हालचालीसाठी, एक पूर्व-पश्चिम हालचालीसाठी आणि स्प्रिंगला टांगलेले तिसरे वरखाली होणाऱ्या हालचालीसाठी. या तिहींच्या नोंदी एकत्र वाचल्या म्हणजे भूमीच्या कणाने कसा मार्ग आक्रमिला हे कळते.

घड्याळाचे महत्त्व

ज्या रेघेवर काळाची खूण नाही ती रेघ निरुपयोगी. जुन्या यंत्रांत कागद एका फिरत्या पिंपावर गुंडाळलेला असे आणि घड्याळ दर मिनिटाला त्यावर एक बारीक खूण करी. कवचातून जाणारी लहर एका सेकंदात सुमारे सहा किलोमीटर अंतर तोडते. अर्थात घड्याळ एका सेकंदाने चुकले, तर भूकंपाचे स्थान कित्येक किलोमीटरांनी चुकावयाचे. पूर्वी रेडिओवरून प्रसृत होणाऱ्या वेळेच्या संकेतांशी घड्याळे जुळवीत. आज कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांमुळे जगातील सर्व वेधशाळांची घड्याळे एकाच तालावर चालतात.

जागेची निवडही तितकीच महत्त्वाची असते. मुंबई-हावडा लोहमार्ग रायपूर शहरातून जातो. आसपास चुनखडीच्या खाणी आहेत. आगगाडीची धडधड, खाणीतील सुरुंग, रस्त्यावरील मालमोटारी या सर्वांची नोंद संवेदनशील यंत्र इमानेइतबारे करते आणि त्या गोंगाटात दूरच्या भूकंपाची क्षीण लहर बुडून जाते. म्हणून यंत्रे गावाबाहेर, उघड्या कातळावर, शक्य तर भूमीखाली बसवितात. समुद्रकाठी तर लाटांचाही उपद्रव होतो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पावसाळ्यात आणि वादळाच्या दिवसांत आलेखावर बारीक थरथर अखंड उमटे. सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी १९३० साली या थरथरीचा संबंध समुद्रावरील वादळी हवामानाशी जोडून दाखविला. एका कामातील उपद्रव दुसऱ्या कामात ज्ञानाचे साधन ठरला.

आलेख कसा वाचावा

१८९७ च्या १२ जून रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा सांगोपांग अभ्यास केला. दूर युरोपातील यंत्रांवर उमटलेल्या आलेखांत त्यांना लहरींचे तीन निरनिराळे गट ओळखता आले. प्रथम येतात त्या प्राथमिक लहरी. या खडकाला पुढेमागे दाबत आणि ताणत जातात. नंतर येतात त्या द्वितीयक लहरी. या खडकाला आडव्या दिशेने हलवतात व कवचात सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने चालतात. अखेरीस भूपृष्ठालगत रेंगाळत येणाऱ्या पृष्ठलहरी. याच भूकंपानंतर भारतात वेधशाळा उभारण्यास चालना मिळाली. १८९८ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या अलीपूर येथे पहिली भूकंपवेधशाळा सुरू झाली आणि लवकरच मुंबईच्या कुलाबा व दक्षिणेतील कोडाईकनाल येथेही मिल्न यांची यंत्रे बसली. त्या काळी कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस हे होते. या पदावर आलेले ते पहिले भारतीय होत.

लहरींच्या वेगातील हा फरकच अंतर मोजण्याचे साधन आहे. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने ऐकू येतो यावरून ती किती दूर पडली हे आपण अजमावतो. तसेच येथेही घडते. प्राथमिक व द्वितीयक लहरींच्या आगमनांत जितक्या सेकंदांचे अंतर असेल, त्यास आठाने गुणावे, म्हणजे जवळच्या भूकंपाचे अंतर स्थूलमानाने किलोमीटरांत मिळते. बिलासपूरपासून २४० किलोमीटरांवर झालेल्या भूकंपाच्या बाबतीत हे अंतर जवळजवळ अर्ध्या मिनिटाचे येते. मात्र एका वेधशाळेवरून केवळ अंतर कळते. तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ नकाशावर काढले, तर भूकंप त्या परिघावर कोठेही झालेला असू शकेल. दुसऱ्या व तिसऱ्या वेधशाळेची वर्तुळे काढली की ती सर्व एका ठिकाणी छेदतात. तेच भूकंपाचे अपिकेंद्र होय.

आलेखाच्या पहिल्या हेलकाव्यातही अर्थ असतो. सुरुंगाचा स्फोट भोवतालच्या खडकाला सर्व बाजूंनी बाहेर ढकलतो. त्यामुळे प्रत्येक वेधशाळेत भूमीची पहिली हालचाल स्फोटापासून दूर जाणारी दिसते. भूकंपात खडकाची दोन अंगे परस्परांवरून सरकतात. त्यामुळे काही वेधशाळांना पहिला धक्का आणि काहींना पहिला हिसका मिळतो. या भेदावरून स्फोट व भूकंप वेगळे ओळखता येतात. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या साहाय्याने जगभर एकसारख्या यंत्रांचे जाळे विणले गेले, त्यामागे भूमिगत अणुस्फोट हुडकण्याचा हेतू होता. या जाळ्यात पुण्याची वेधशाळाही होती.

भूकंपाचे मान ठरविण्याची रीत चार्ल्स रिक्टर यांनी १९३५ साली घातली. तिचा आधार वुड आणि अँडरसन यांचे यंत्र हा होता. हे यंत्र भूमीची हालचाल २८०० पट मोठी करून दाखविते असे दीर्घकाळ मानले जाई. पुढे बारकाईने तपासता ते सुमारे २०८० पटच असल्याचे आढळले. यंत्राची साक्षही अधूनमधून पारखून घ्यावी लागते, हा त्यातील बोध.

कोयनेची साक्ष

आतापर्यंत वर्णिलेली यंत्रे सूक्ष्म कंपांसाठी असतात. भूकंप अगदी निकट झाला, तर त्यांची रेघ कागदाबाहेर जाते आणि नेमक्या महत्त्वाच्या क्षणी नोंद तुटते. कुजबुज ऐकण्यास बसविलेल्या कानाशी तोफ उडावी, तसे हे होते. परंतु इमारती, पूल व धरणे बांधणाऱ्या स्थापत्यविशारदास हवी असते ती नेमकी ही निकटची नोंद. त्यासाठी त्वरणलेखक नावाचे दुसरे यंत्र आहे. त्याचे तत्त्व वरील यंत्राच्या उलट असते. त्यातील लंबक आखूड, ताठ आणि जलद आंदोलने करणारा असतो. तो स्थिर न राहता भूमीबरोबरच हलतो; परंतु भूमीचा वेग जितक्या झपाट्याने बदलेल, तितका तो किंचित वाकतो. हे वाकणे भूमीच्या त्वरणाच्या प्रमाणात असते. जुन्या पद्धतीचे हे यंत्र एरवी निद्रिस्त असे. हादरा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की एक कळ दाबली जाई, दिवा लागे, कागद धावू लागे. जागे होण्यास लागणाऱ्या त्या निमिषातील नोंद अर्थातच गमवावी लागे.

असे एक यंत्र महाराष्ट्रातील कोयना धरणाच्या अंतर्भागातील मार्गिकेत बसविलेले होते. सुमारे १०३ मीटर उंचीच्या या धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि थोड्याच काळात आसपासच्या गावांना लहानलहान धक्के जाणवू लागले. पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेने त्या परिसरात भूकंपमापनाची व्यवस्था केली. दख्खनचे पठार म्हणजे अढळ भूमी, अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी ही समजूत कोसळली. सुमारे ६.३ मानाच्या त्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झाले व सुमारे १८० माणसे दगावली.

धरणातील यंत्राने त्या पहाटे आपले काम चोख बजावले. धरणाच्या लांबीच्या दिशेने भूमीचे महत्तम त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ६३ टक्के, आडव्या दिशेने ४९ टक्के आणि वरखाली ३४ टक्के इतके त्याने नोंदविले. धरणाचे संकल्पन करताना भूकंपासाठी धरलेला आकडा होता अवघा ५ टक्के. हे दोन आकडे जसेच्या तसे तोलणे न्याय्य होणार नाही. संकल्पनातील आकडा सतत लावलेल्या जोराचा असतो, तर यंत्राने टिपलेले महत्तम त्वरण डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी येऊन जाते. म्हणूनच धरण उभे राहिले. तथापि ते अक्षत राहिले नाही. ज्या उंचीवर त्याच्या मागील अंगाचा उतार एकदम बदलतो, तेथे आडव्या भेगा पडल्या. अभियंत्यांनी आलेख आणि भेगा शेजारी ठेवून गणित मांडले. भेगा नेमक्या त्याच जागी का पडल्या याचा त्यातून उलगडा झाला, आणि धरणास मागील बाजूने काँक्रीटचे आधार देऊन बळकटी आणण्यात आली. जगात कोठेही काँक्रीटच्या धरणाचे भूकंपसंकल्पन पडताळून पाहावयाचे झाल्यास आजही कोयनेचा तो आलेख प्रमाण म्हणून घेतला जातो. काही सेकंदांची ती रेघ कोट्यवधी लोकांच्या सुरक्षिततेस उपयोगी पडत आहे.

साक्षीदार नसेल तर?

कोयनेस जे भाग्य लाभले ते किल्लारीस लाभले नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे सुमारे ६.२ मानाच्या भूकंपाने जमीनदोस्त झाली आणि सुमारे आठ हजार माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गाडली गेली. त्या परिसरात भूमीच्या तीव्र हालचालीची नोंद घेणारे एकही यंत्र नव्हते. त्या गावांखालची भूमी त्या क्षणी किती जोराने हलली, हे पडलेल्या घरांवरून तर्काने ठरवावे लागले. या दुर्घटनेनंतर द्वीपकल्पीय भारतातील दहा वेधशाळा नव्या धर्तीच्या यंत्रांनी सुसज्ज करण्यात आल्या. पुणे, कऱ्हाड, भोपाळ यांच्या जोडीने बिलासपूरही त्यांत होते.

या नव्या यंत्रांत लंबकास हलूच देत नाहीत. तो हलू पाहताच विद्युत्प्रवाह त्यास जागच्या जागी रोखून धरतो, आणि रोखण्यास किती जोर लागला हेच मोजले जाते. अतिजलद व अतिसंथ, क्षीण व प्रबळ अशा सर्व लहरी एकाच यंत्राने टिपता येतात. नोंद कागदाऐवजी अंकांच्या रूपाने साठविली जाते. जबलपूरचा भूकंप म्हणजे या जाळ्याची पहिली मोठी कसोटीच होती. बिलासपूर, भोपाळ आदी ठिकाणच्या आलेखांवरून असे निष्पन्न झाले की हा भूकंप सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर, म्हणजे कवचाच्या तळाशी झाला होता. किल्लारीचे केंद्र दहा किलोमीटरांहूनही उथळ होते. नर्मदा-शोण खोऱ्याखालील पुरातन भेग कवचात इतकी खोलवर जागृत आहे, हे त्या रेघांनी दाखवून दिले.

२००२ च्या भूकंप-नकाशात रायपूरची गणना सर्वांत कमी धोक्याच्या विभागात केलेली आहे. ही गोष्ट दिलासा देणारी खरी. परंतु कोयना आणि किल्लारी यांचीही गणना एके काळी शांत भूमीतच होत असे. धमतरीजवळ महानदीवरील गंगरेल धरण, कोरब्याची वीजकेंद्रे, भिलाईचा पोलाद कारखाना आणि दिवसेंदिवस उंच होत चाललेली रायपूरची घरे ही सर्व त्याच प्राचीन कवचावर उभी आहेत. भूकंप केव्हा होईल हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. झालेल्या भूकंपाची खरी हकीगत मात्र यंत्र सांगते. आणि त्या हकीगतीवरूनच पुढच्या भूकंपात उभे राहील असे घर कसे बांधावे, हे ठरते. वर्षानुवर्षे सरळ रेघ काढीत बसणारे यंत्र रिकामे बसले आहे असे कोणास वाटेल. परंतु ज्या पहाटे ती रेघ वाकेल, त्या पहाटेसाठीच ते तेथे ठेवलेले असते.